मनाचं दुखणं, हातापायांचा उपाय

चीनच्या हुनान प्रांतात चांगशा नावाचं शहर आहे. त्याच्या कडेला मावांगदुई हे टेकाड. १९७३ साली तिथलं एक थडगं उघडलं गेलं. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये ते बंद झालं होतं, म्हणजे एकवीस शतकं ते बंदच होतं. आत लाखकाम केलेल्या पेटीत रेशमी कापडावर लिहिलेले ग्रंथ घड्या घालून ठेवले होते. त्यातल्या एका कापडाचे तुकडे पडले होते. ते जुळवले तेव्हा त्यावर ४४ माणसं उभी राहिली. चार रांगा, एकेका रांगेत अकरा जण, प्रत्येक जण साधारण वीतभरापेक्षाही लहान. कुणी दोन्ही हात आभाळाकडे ताणलेत, कुणी कमरेत वाकलंय, कुणी हातात लांब काठी धरलीय, कुणी अस्वलासारखं डुलतंय, कुणी पाखरासारखे हात पसरलेत. त्यात बाया आहेत आणि पुरुषही, तरुण आहेत आणि वयस्कही. काहींच्या अंगावर पायघोळ झगे आहेत, काही उघड्या अंगाने व्यायाम करताहेत. शेजारी बारीक अक्षरांत कामाची नोंद: हे गुडघेदुखीसाठी, हे ऐकू येत नसेल तर. याला ‘दाओयिन तू’ म्हणतात. शरीर ताणून, श्वास फिरवून दुखणं हलवण्याच्या विद्येचा हा सगळ्यात जुना ज्ञात तक्ता मानला जातो.

आता याच चांगशात १९८० सालात या. हुनान वैद्यकीय महाविद्यालयात आर्थर क्लाइनमन हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आले होते. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असं निदान झालेले १०० रुग्ण त्यांनी तपासले. डोकं दुखतं, झोप लागत नाही, चक्कर येते, अंगात त्राण नाही, छातीत दाटल्यासारखं होतं, अशा त्यांच्या तक्रारी. ‘मन उदास आहे’ असं आपणहून सांगणारे थोडे. क्लाइनमननी मनोविकाराच्या निकषांवर पारखलं, तेव्हा त्या १०० पैकी ८७ जणांना गंभीर नैराश्य होतं. ते शरीराच्या भाषेत सांगत होते, एवढंच. त्यामागे कारणंही होती. सांस्कृतिक क्रांती संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. ज्या काळात मनाची खिन्नता म्हणजे राजकीय विचारातली खोट समजली जाई, त्या काळातून ही माणसं नुकतीच बाहेर पडली होती.

हे वाचताना मला सारखं वाटत राहतं की या रुग्णांना ‘मनातलं ओळखता येत नाही’ असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. नैराश्य खरोखरच शरीरात असतं. ज्यांनी ते भोगलंय त्यांना विचारा: पाय शिशाचे होतात, घास उतरत नाही, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात. चिनी वैद्यकाने हे दोन हजार वर्षांपूर्वी पाहिलं आणि उपायही तिथूनच सुरू केला. मन हलत नसेल तर हात हलवा, पाय गरम करा, उठायची वेळ बदला, श्वास लांब सोडा. त्या जुन्या उपायांतले किती आजच्या कसोटीला उतरतात हे पाहायला गेलं की माणूस थक्क होतो.

चिनी वैद्यकाच्या मते माणसाच्या देहात ‘ची’ फिरत असते. आपल्याकडच्या ‘प्राण’ या कल्पनेच्या ती जवळची. सूक्ष्मदर्शकाखाली ती कुणाला दिसलेली नाही, आणि ती दिसावी असा त्या जुन्या वैद्यांचा दावाही नव्हता. हालचाल, ऊब, भूक, उत्साह, श्वास या सगळ्यांचं मिळून त्यांनी दिलेलं ते नाव. ही ‘ची’ सुरळीत वाहती ठेवण्याचं काम त्यांनी यकृताकडे दिलं. ती तुंबली की माणूस चिडचिडा होतो, बरगड्यांखाली जड वाटतं, भूक मरते, मन झाकोळतं. चौदाव्या शतकात झू दानशी (१२८१–१३५८) या वैद्याने या तुंबण्याचे सहा प्रकार सांगितले: ची, रक्त, ओलावा, कफ, उष्णता आणि अन्न. पुढे झांग जिंगयुए (१५६३–१६४०) याने रागातून येणारं, चिंतेतून येणारं आणि दुःखातून येणारं असं भावनांचं तुंबणं वेगळं काढून मांडलं.

यातली निरीक्षणं पाहा. अशा रुग्णाला घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, गिळलं तर खाली जात नाही, खाकरलं तर वर येत नाही. हे लक्षण झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात तिसऱ्या शतकाच्या आसपास नोंदलं गेलं. आज कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे रोज असे रुग्ण येतात; दुर्बिणीतून पाहिलं तर घसा साफ असतो. दुसरं लक्षण त्याहून साधं. हा माणूस वारंवार उसासे टाकतो, आणि उसासा टाकला की त्याला क्षणभर बरं वाटतं. घरातलं माणूस सारखं सुस्कारे टाकायला लागलं तर आपण ‘काय झालं?’ म्हणून विचारतो. चिनी वैद्याने त्या सुस्काऱ्याची रोगलक्षण म्हणून नोंद केली. शरीर स्वतःच स्वतःवर उपाय करू पाहतंय, हे त्यात दडलेलं होतं.

मग त्यांनी तो सुस्कारा हातात घेतला. ‘लिऊ झी ज्युए’ म्हणजे सहा उच्चारांची श्वासपद्धती. ताओ होंगजिंग (४५६–५३६) याच्या लेखनात तिचा उल्लेख येतो. नाकाने श्वास घ्यायचा आणि तोंडाने, ओठांचा ठरावीक आकार करून, अगदी हळू सोडायचा. यकृतासाठी ‘श्यू’, हृदयासाठी ‘ह’, प्लीहेसाठी ‘हू’ असे उच्चार. सराव वाढला की उच्चार जवळजवळ ऐकूही येत नाही. उरतो तो एक लांबच लांब उच्छ्वास. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १०० जणांना महिनाभर रोज ५ मिनिटं वेगवेगळे श्वसनप्रकार करायला दिले. त्यातल्या एका गटाने मुद्दाम उसासे टाकायचे होते: दोनदा श्वास आत, मग लांब बाहेर. मनःस्थिती सगळ्यात जास्त सुधारली ती या उसासेवाल्यांची, नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षाही. हे लोक निरोगी होते, रुग्ण नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. पण उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला विसावा देणारी मज्जासंस्था पुढे येते, हे शरीरशास्त्र पक्कं आहे.

आता उभे राहा. खरंच राहा, कारण हा भाग करून पाहण्याचा आहे. पाय खांद्यांइतके फाकवलेले, गुडघे किंचित सैल. ओटीपोटासमोर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तिथे तळवे फिरवा आणि आभाळ ढकलायचं असल्यासारखे वर न्या. नजर हातांकडे. कोपरं सरळ झाली की नजर समोर आणा, पण हात तसेच ताणून दोन क्षण थांबा. बरगड्यांच्या दोन्ही कडा उकलल्यासारख्या वाटतील. मग श्वास सोडत हात दोन्ही बाजूंनी खाली. मावांगदुईच्या कापडावरच्या त्या माणसांशी या हालचालीचं नातं डोळ्यांना सहज दिसतं.

ही ‘बादुआनजिन’मधली पहिली क्रिया. नावाचा अर्थ जरीकापडाचे आठ तुकडे. सोंग राजवटीपासून, म्हणजे बाराव्या शतकापासून, या प्रकाराचे उल्लेख सापडतात. एकूण क्रिया आठ. दुसरीत धनुष्य ताणायचं, डावीकडे आणि उजवीकडे. छाती अशी उघडते की खांदे पाडून बसणाऱ्या माणसाला ती उघडू शकते याचीच आठवण व्हावी. चौथीत मान वळवून मागे पाहायचं. सातवीत घोड्यावर बसल्यासारखं उभं राहून मुठी आवळायच्या आणि डोळे वटारून ठोसा द्यायचा, अगदी सावकाश. मला ही सातवी क्रिया फार आवडते. दाबून ठेवलेल्या रागाला तिने सभ्य वाट काढून दिली आहे. आठवीत टाचा उचलायच्या आणि हलकेच आपटायच्या, सात वेळा. २००३ साली चीनच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाने जुन्या पद्धतींमधून चार निवडून त्यांचं प्रमाण रूप ठरवलं, त्यात ही एक. सगळं मिळून साधारण १२ मिनिटं लागतात. मैदान, चटई, बूट, कशाचीच अट नाही. अंथरुणातून उठवत नाही अशा सकाळी बसूनही ती करता येते.

याच विद्येची आणखी एक शाखा हुआ थुओ या वैद्याच्या नावावर आहे. इसवी सन २०८ च्या सुमारास तो वारला. वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी अशा पाच प्राण्यांच्या हालचाली त्याने शिष्यांना शिकवल्या. सतत फिरत्या दाराची खुंटी कुजत नाही, असं त्याचं म्हणणं जुन्या इतिहासग्रंथात नोंदलेलं आहे. त्याचा शिष्य वू फू नव्वदी ओलांडूनही दात शाबूत ठेवून होता, असंही तिथे लिहिलंय.

पण कसोटी काय सांगते? २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नैराश्यावरच्या व्यायामांचा एक मोठा आढावा आला. २१८ चाचण्या, १४,१७० माणसं. चालणं-धावणं, योगासनं, वजनं उचलणं, नृत्य, ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम आणि चीगोंग, म्हणजे बादुआनजिनसारख्या श्वास-हालचालींच्या पद्धती, या सगळ्यांनी नैराश्य कमी झालेलं दिसलं. ताई ची-चीगोंगचा परिणाम मध्यम होता; चालणं-धावणं आणि योग त्यांच्या थोडे पुढे होते, आणि नृत्याचा आकडा सगळ्यात मोठा, जरी त्यावरचे अभ्यास थोडे होते. या पुराव्याची खात्री कमी किंवा फार कमी आहे, असंही संशोधकांनी स्पष्ट लिहिलं, कारण आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्यापासून लपवता येत नाही. मला हा आढावा वाचून आनंद झाला. चिनी व्यायाम जगात सर्वश्रेष्ठ आहेत असं त्यातून निघत नाही. निघतं ते एवढंच की शरीराच्या दारातून मनापर्यंत जाता येतं, ही जुन्या वैद्यांची धारणा खरी होती.

२०११ सालचा एक लहान अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हेलन लाव्रेत्स्की यांनी साठी ओलांडलेल्या, नैराश्यावरची गोळी चालू असलेल्या आणि तरीही पुरते बरे न झालेल्या ७३ जणांना दोन गटांत विभागलं. गोळी दोघांचीही चालू. एका गटाला १० आठवडे ताई चीचा सोपा प्रकार शिकवला, दुसऱ्याला तेवढाच वेळ आरोग्यविषयक वर्ग. सुधारणा दोन्हीकडे झाली, पण ताई चीच्या गटात जास्त. औषधाच्या जागी व्यायाम आणला नव्हता, औषधाच्या जोडीला आणला होता. या सगळ्या पद्धती वापरण्याची माझ्या मते हीच योग्य रीत आहे.

हे घडतं कसं, यावर संशोधक बरंच बोलतात. मंद श्वासाचा वाटा आहेच. पण लक्षाचाही आहे. नैराश्यातलं मन तोच तोच विचार दळत बसतं. डावा हात वर, उजवा खाली, वजन डाव्या पायावर, नजर अंगठ्याकडे, एवढं सांभाळताना त्या दळणाला जागा कमी उरते. नेमकं हेच चिनी सिद्धान्तात वेगळ्या शब्दांत आहे. तिथे अतिविचार ही स्वतंत्र भावना मानली आहे, राग, हर्ष, शोक, भय यांच्या पंक्तीतली. अतिविचाराने ‘ची’ची गाठ बसते आणि आधी पचन बिघडतं, असं ते सांगतात.

ही गाठ सोडवण्याची एक कथा बाराव्या-तेराव्या शतकातल्या झांग त्सुंगझेंग या वैद्याच्या ग्रंथात आहे. एका श्रीमंत घरातली बाई विचार करकरून दोन वर्षं नीट झोपली नव्हती. कुणाच्या औषधाला गुण येईना. झांगने तिची नाडी पाहिली आणि नवऱ्याला बाजूला घेऊन बेत ठरवला. मग त्याने भरपूर पैसे घेतले, काही दिवस त्या घरी दारू पीत मजेत राहिला आणि एक दिवस एकही औषध न देता चालता झाला. बाई संतापली. इतकी की दरदरून घाम फुटला. त्या रात्री तिला झोप लागली आणि पुढे आठ-नऊ दिवस ती जवळपास झोपूनच होती. राग अतिविचारावर मात करतो, या प्राचीन सूत्राचा त्याने प्रयोग केला होता.

दुसरी बाई जेवत नव्हती, सारखी ओरडायची, शिव्या द्यायची. तिच्यासमोर झांगने दोन बायकांना तोंडं रंगवून सोंगाड्यांसारखं नाचवलं. ती हसली. दुसऱ्या दिवशी त्यांना बैलांसारखी टक्कर खेळायला लावली. ती पुन्हा हसली. मग चांगली भूक असलेल्या दोघींना तिच्या शेजारी बसवून मिटक्या मारत जेवायला सांगितलं. बघता बघता तिने एक घास मागितला. औषध न घेता ती बरी झाली, अशी नोंद आहे. रुग्णाला फसवून संताप आणण्याचा मार्ग आज कुणी पत्करणार नाही, पत्करूही नये. पण दुसऱ्या गोष्टीत किती बारीक समज आहे! ‘जेव’ असा एकही आग्रह न करता, जेवणाऱ्यांची सोबत देऊन त्याने भूक जागी केली. नैराश्यातल्या माणसाच्या घरच्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगेन.

सोबतीचा हा धागा आजच्या चीनमध्येही दिसतो. बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या बागेत सकाळी निवृत्त माणसांची गर्दी असते. इकडे ताई ची, तिकडे पंखा घेऊन कवायत, पलीकडे कोरस गाणी, संध्याकाळी चौकाचौकांत सामुदायिक नाच. काही जण लांब दांड्याला स्पंजाचं टोक लावून पाण्यात बुडवतात आणि फरशीवर मोठाली अक्षरं काढतात. पाचव्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिलं वाळायला लागतं. लिहिणारा उभ्याने, पूर्ण खांद्यातून लिहितो, आणि चार जण शेजारी उभे राहून वळणावर मत देतात. यात व्यायाम आहे, ऊन आहे, माणसं आहेत, आणि चुकलं तर मिटवायचीही गरज नाही. याला कुणी उपचार म्हणत नाही, म्हणूनच लोक रोज येतात.

ऊन आणि वेळ यांचा विचार तर आणखी जुना. ‘हुआंगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत आकाराला आला, असं मानतात. पीत सम्राट प्रश्न विचारतो आणि त्याचा वैद्य छी बो उत्तरं देतो, अशी त्याची रचना. त्याच्या दुसऱ्याच प्रकरणात ऋतूंप्रमाणे मन कसं सांभाळावं ते सांगितलंय. आपल्या ऋतुचर्येत आहारविहाराचे नियम असतात, तसाच हा प्रकार. वसंतात लवकर उठावं, केस मोकळे सोडावेत, सैल कपड्यांत अंगणात लांब पावलं टाकत फिरावं. शरदात कोंबड्याबरोबर उठावं. हिवाळ्यात मात्र लवकर निजावं आणि सूर्य वर येईपर्यंत थांबून उठावं. उत्तर चीनच्या बोचऱ्या थंडीत हा सल्ला किती शहाणपणाचा आहे! हिवाळ्यात ऊन कमी झालं की काही माणसांना दरवर्षी नैराश्य येतं, हे नॉर्मन रोझेंथाल यांनी १९८४ साली शोधनिबंधात मांडलं, आणि सकाळचा प्रखर प्रकाश हा त्यावरचा मान्य उपचार ठरला. उठण्याची वेळ उजेडाशी बांधणं हे ‘हुआंगदी नेइजिंग’मध्ये आधीच होतं.

झोपेआधी पाय गरम पाण्यात बुडवून बसणं हा चिनी घरांतला रोजचा परिपाठ. लाकडी खोल बादली, पाणी पोटऱ्यांपर्यंत, सोसवेल इतकं गरम, पंधरा-वीस मिनिटं. कुणी त्यात आलं टाकतं. यामागचं कारण १९९९ साली ‘नेचर’मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. झोप लागण्यासाठी शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरावं लागतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि गाभा निवतो. म्हणून पाय गरम असलेल्या माणसाला झोप लवकर लागते. पाय गरम करायचे, कारण आतून थंड व्हायचंय! असला उलटा उपाय केवळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून सापडू शकतो. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झाली असेल त्यांनी मात्र पाण्याची धग दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगावी. भाजलेलं कळत नाही.

दुपारच्या वामकुक्षीला चिनी परंपरेत मोठा मान आहे. इथे माझं मत वेगळं पडतं. निरोगी माणसाने वीस मिनिटं डोळे मिटावेत, पण नैराश्यात दुपार झोपण्यात गेली की रात्र जागण्यात जाते. हा एक उपाय मी बाजूला ठेवीन.

बोटांनी दाबायचे बिंदू आहेत, त्यातले दोन सोपे. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजा, आतल्या बाजूला दोन कंडरांच्या मधला खळगा हा ‘नेइग्वान’. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातून वर सरकत गेलात की हाडं मिळतात तिथला खळगा ‘ताइचोंग’. मिनिटभर दाबून ठेवायला काही खर्च नाही, फार अपेक्षाही नको. या बिंदूंवर सुई टोचण्याची विद्या भारतात आणण्यात डॉ. विजयकुमार बसू यांचा मोठा वाटा होता. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक.

स्वयंपाकघरात शिरायचं तर झांग झोंगजिंगचाच एक काढा पाहा: गहू, ज्येष्ठमध आणि लाल सुकी बोरं. विनाकारण रडू येणाऱ्या, सारख्या जांभया देणाऱ्या बाईसाठी त्याने तो सांगितला. आपल्या बोरांच्या कुळातलीच ही बोरं, आणि ज्येष्ठमध तर घरोघरी असतं. चव गोड, जिन्नस ओळखीचे, म्हणून तो निरुपद्रवी असेल असं वाटतं. तसं नाही. ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असताना असे काढे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. तांदळाची पेज वेळेवर आणि गरम खाणं, हा चिनी वैद्यकाचा सल्ला मला काढ्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. तिकडेही अनेक जण सकाळी पेज खातात.

चीगोंगचाही अतिरेक बाधतो. तासन्‌तास, गुरूशिवाय, देहातली ‘ची’ जाणवण्याचा ध्यास घेऊन बसलेल्यांपैकी काहींना भास झाल्याच्या नोंदी चीनमध्येच आहेत. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद होती. ज्यांना पूर्वी भास-भ्रम झालेत किंवा द्विध्रुवी विकार आहे, त्यांनी मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हे करू नये. बारा मिनिटांच्या आठ क्रिया वेगळ्या, आणि अद्‌भुत अनुभवाच्या मागे लागणं वेगळं.

चांगशाच्या त्या रुग्णांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. क्लाइनमननी त्यांना नैराश्यावरची औषधं दिली. अनेकांची लक्षणं कमी झाली. पण ज्यांचं कामाचं ठिकाण नको तिथे होतं, ज्यांची घरं विस्कटली होती, जे वर्षानुवर्षं जोडीदारापासून लांब नेमणुकीवर होते, त्यांचं दुखणं मागे रेंगाळत राहिलं. ती अडचण सुटली तेव्हाच त्यांना पुरतं बरं वाटलं. हे औषधाला जसं लागू आहे तसं बादुआनजिनलाही. कर्ज, मारहाण, एकटेपणा, नोकरीतला छळ यांवर धनुष्य ताणण्याची क्रिया हा उपाय असू शकत नाही. आजारी माणसाला ‘जरा व्यायाम कर, बरं वाटेल’ असं ऐकवणं तर क्रूरपणाचं आहे. त्यापेक्षा त्याच्या शेजारी उभं राहा आणि तुम्हीही हात वर करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या शंभरातल्या पाच-सहा प्रौढांना नैराश्य असतं. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांतही असे काही जण असतील. तुमची किंवा घरातल्या कुणाची उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल, झोप-भूक-काम बिघडलं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. आठ क्रिया त्यांच्या जोडीला घ्या. जगणं नकोसं वाटत असेल तर उद्याची वाट न पाहता आत्ताच फोन करा. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.